ध्रुवीय टार्डिग्रेडचे वर्गीकरण: नमुन्यापासून नावापर्यंत

ध्रुवीय प्रदेशातला चिमूटभर सुका मॉस पाण्यात भिजवला, की काही तासांत त्यातून टार्डिग्रेड (आठ पायांचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म प्राणी) चालू लागतात. ते सापडणे सोपे आहे. त्यांना बरोबर नाव देणे अवघड आहे, आणि नवशिक्यांची चूक बहुतेक वेळा तिथेच होते: सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघण्याआधीच ओळखतालिका (लक्षणांच्या प्रश्नांतून नावापर्यंत नेणारी यादी) उघडली जाते. ओळखतालिकेचा स्वभाव असा की ती शेवटी कुठले तरी नाव देतेच, तुमचा प्राणी त्या तालिकेत असो वा नसो.

अंटार्क्टिकातल्या जुन्या याद्या चाळल्या तर मॅक्रोबायोटस हुफेलांडी, मिल्नेशियम टार्डिग्रेडम, हिप्सिबियस दुजार्दिनी अशी युरोपातल्या नमुन्यांवरून दिलेली नावे पानोपानी दिसतात. पहिले नाव 1834 चे, दुसरे 1840 चे. या जाती जगभर पसरल्या आहेत असे बराच काळ मानले जाई. हुफेलांडीचे 1993 मध्ये आणि टार्डिग्रेडमचे 2012 मध्ये काटेकोर पुनर्वर्णन झाले, तेव्हा त्या नावांखाली अनेक वेगवेगळ्या जाती कोंबल्या गेल्या होत्या हे स्पष्ट झाले. म्हणून पुढची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: आधी गट, मग लक्षणे, मग मोजमाप, आणि नाव फक्त पुरावा पोचतो तिथपर्यंतच.

नमुना गोळा करणे आणि टिकवणे

अंटार्क्टिकात काहीही उचलण्याआधी परवाना हवा. 1991 मध्ये स्वाक्षऱ्या झालेला आणि 1998 पासून लागू असलेला माद्रिद करार तिथल्या वनस्पती-प्राण्यांना संरक्षण देतो, आणि विशेष संरक्षित क्षेत्रांत पाऊल ठेवायलाही वेगळी परवानगी लागते. आर्क्टिकमध्ये नियम त्या त्या देशाचे.

मॉस आणि दगडफूल कागदी पाकिटात ठेवावे, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि प्राणी कुजतात. कागदात नमुना सावकाश सुकतो आणि प्राण्यांना आखडून ‘टन’ या कोरड्या, सुप्त अवस्थेत जायला वेळ मिळतो. तळहाताच्या चौथ्या भागाएवढा तुकडा पुरतो. जास्त खरवडू नये, ध्रुवीय मॉसची वाढ फार संथ असते. पाकिटावर अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख आणि मॉस कशावर वाढला होता (खडक, माती, पक्ष्यांच्या वसाहतीजवळची जमीन) हे शिसपेन्सिलीने लिहावे. पेनाची शाई ओल लागली की पसरते.

सुकलेला मॉस उणे 20 अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे टिकतो. नोव्हेंबर 1983 मध्ये पूर्व अंटार्क्टिकात गोळा केलेल्या मॉसमधून 2014 मध्ये ॲक्युटंकस अंटार्क्टिकस या जातीचे दोन प्राणी आणि एक अंडे पुन्हा जिवंत झाल्याचे जपानी संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केले.

हिमनदीच्या पृष्ठभागावरच्या क्रायोकोनाइट खड्ड्यांतला (काळ्या धुळीखालचा बर्फ वितळून पडलेल्या खळग्यांतला) काळा गाळ मात्र मुळीच सुकवू नये. तिथले टार्डिग्रेड कायम पाण्यात किंवा बर्फात राहतात, आणि मॉसमधल्या भाईबंदांइतके कोरडेपण त्यांना झेपेलच याची खात्री नसते. गाळ गोठलेलाच न्यावा आणि 4 अंशांवर सावकाश वितळवावा.

प्राणी बाहेर काढणे

सुक्या मॉसचा तुकडा काचेच्या भांड्यात, तो बुडेल एवढ्या पाण्यात 6 ते 24 तास भिजवा. भांडे 4 ते 10 अंशांवर ठेवलेले बरे. त्याहून जास्त वेळ भिजवला तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि प्राणी फुगून ताठ, निश्चल होतात. ते मेलेले दिसतात, पण दर वेळी मेलेले नसतात.

मग मॉस चिमट्याने जोरात हलवून पिळून घ्या. पाणी दोन चाळण्यांतून गाळा: वर साधारण 500 मायक्रोमीटरची, खाली 40 मायक्रोमीटरची. खालच्या चाळणीवर जे राहते तेच हवे. प्रौढ प्राणी बहुतेक 200 ते 500 मायक्रोमीटर लांब असतात आणि बऱ्याच जातींची अंडी 50 ते 100 मायक्रोमीटर व्यासाची, त्यामुळे त्याहून मोठ्या छिद्रांची चाळणी वापरली तर अंडी नाल्यात जातात. आणि अंडी गेली तर निम्मे वर्गीकरण गेले, ते का ते पुढे येईल.

चाळणीवरचा गाळ पेट्री डिशमध्ये घेऊन स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली 20 ते 40 पट मोठा करून तपासा, पार्श्वभूमी काळी ठेवा. बारीक केलेल्या काचेच्या पिपेटने प्राणी उचला. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी आणि भांडी उकळत्या पाण्याने धुवा. एका बेटाचा प्राणी दुसऱ्या बेटाच्या यादीत जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे न धुतलेली चाळणी.

इथे थांबून जिवंत प्राण्याची नोंद करा: शरीराचा रंग, रंगाचे पट्टे, डोळे आहेत का, असल्यास लाल की काळे. स्लाइडच्या माध्यमात हे रंग विरघळतात आणि महिन्याभराने डोळे होते की नव्हते हे सांगता येत नाही. कितीतरी वर्णनांत ‘डोळे नाहीत’ असे लिहिले आहे ते केवळ स्लाइड बघून.

प्राण्यांचे तीन वाटे करा. एक वाटा स्लाइडसाठी, एक डीएनएसाठी (96 टक्के इथेनॉलमध्ये, उणे 20 अंशांवर, फॉर्मलिन नको, त्याने डीएनए खराब होतो) आणि जमल्यास एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी.

स्लाइड तयार करणे

नेहमीचे माध्यम म्हणजे होयरचे. त्याचे प्रमाण: ऊर्ध्वपातित पाणी 50 मिलिलिटर, डिंक (गम अरेबिक) 30 ग्रॅम, क्लोरल हायड्रेट 200 ग्रॅम, ग्लिसरॉल 20 मिलिलिटर. आधी डिंक पाण्यात पूर्ण विरघळू द्या, मग क्लोरल हायड्रेट, शेवटी ग्लिसरॉल, आणि काचलोकरीतून गाळा. उकळू नका. क्लोरल हायड्रेट अनेक देशांत नियंत्रित औषध आहे आणि त्याची वाफ चांगली नव्हे, म्हणून काम धूरकपाटात करावे.

प्राणी आखडलेला असेल तर पाय आत ओढले जातात आणि नखे एकमेकांवर चढतात. म्हणून स्लाइडवर घेण्याआधी प्राणी 60 अंशांच्या पाण्यात 15 ते 30 मिनिटे ठेवा. ते ताणलेल्या अवस्थेतच मरतात.

स्लाइडवर माध्यमाचा अगदी लहान थेंब घ्या. प्राण्याबरोबर येणारे पाणी शक्य तितके कमी हवे, पाणी जास्त झाले की माध्यम पातळ होते आणि सुकताना बुडबुडे शिरतात. बारीक सुईने प्राणी वळवा: निदान काही पाठीवर किंवा पोटावर सपाट (मुखनलिका, म्हणजे तोंडापासून घशाकडे जाणारी नळी, मोजायला) आणि काही कुशीवर (नखे बघायला). गोल कव्हरस्लिप तिरकी टेकवून सोडा. माध्यम जास्त झाले तर प्राणी खोल राहतो आणि 100 पटीच्या तेलभिंगाचा फोकस तिथपर्यंत पोचतच नाही. ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य अडचण आहे, आणि उपाय एकच: थेंब आणखी लहान.

स्लाइड एक दिवस साध्या तापमानाला आणि मग सुमारे आठवडाभर 50 ते 60 अंशांवर आडवी सुकवा. कडेने माध्यम आक्रसले तर थोडे भरा. सुकल्यावर कडांना नेलपॉलिशचे दोन थर द्या. सील न केलेली स्लाइड दमट हवेत पाणी ओढते. होयरमध्ये प्राणी हळूहळू अधिकाधिक पारदर्शक होत जातो, काही वर्षांनी बारीक भाग दिसेनासे होतात, म्हणून छायाचित्रे पहिल्या काही आठवड्यांतच काढावीत.

सूक्ष्मदर्शक फेज कॉन्ट्रास्ट किंवा डीआयसीचा (पारदर्शक भाग उठून दिसावेत अशा प्रकाशरचनेचा) हवा. साध्या प्रकाशात क्युटिकलची (शरीरावरच्या बाह्य आवरणाची) नक्षी आणि घशातले दाणे दिसत नाहीत आणि मग माणूस ‘गुळगुळीत’ लिहून मोकळा होतो.

पहिला प्रश्न: कवच आहे का?

डोक्याच्या बाजूला, पहिल्या पायाच्या थोडे पुढे, लांब केसासारखा तंतू (सिरस ए) आहे का ते पाहा. तो असेल तर प्राणी हेटेरोटार्डिग्रेडा वर्गातला. ध्रुवीय जमिनीवर आणि गोड्या पाण्यात या वर्गातले जे भेटतात ते जवळपास सगळे एकिनिस्कस कुळातले: पाठीवर कवचाच्या पाट्या, प्रत्येक पायाला चार सुटी नखे.

या कुळात पाट्यांचा हिशेब मांडावा लागतो. डोक्याची पाटी, खांद्याची मोठी पाटी, मधल्या पाट्या, दोन जोड पाट्या आणि शेपटाकडची पाटी. जोड पाट्या आणि शेपटाकडची पाटी यांच्यामध्ये आणखी एक आडवी पाटी दिसली तर सुडेकिनिस्कसचा विचार करा. डोळे लाल आणि शरीर केशरी असेल तर बहुधा एकिनिस्कस. डोळे काळे आणि पोटाकडेही पाट्या असतील तर टेस्टेकिनिस्कस. स्वालबार्डच्या स्पिट्सबर्गन बेटावरून नाव मिळालेली टे. स्पिट्सबर्गेन्सिस आणि दक्षिणेकडची टे. मेरिडिओनालिस ही या प्रजातीची (जीनसची; तिच्यात अनेक जाती येतात) ध्रुवीय उदाहरणे. मग पाट्यांवरची नक्षी (खळगे, दाणे की दोन्ही), बाजूचे उपांग ए, बी, सी, डी, ई यांपैकी कोणते आहेत आणि काट्यासारखे की केसासारखे, आणि चौथ्या पायावरची दातेरी पट्टी, हे क्रमाने लिहा.

उपांगांच्या बाबतीत एक सावधानता. वयाबरोबर ती वाढतात, आणि एकाच प्राण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंनाही ती वेगळी असू शकतात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पायाला दोनच नखे असतात. अशा पिल्लावरून नवी जात वर्णन केली जाण्याचे प्रकार या शाखेच्या इतिहासात घडून गेले आहेत. जननछिद्र दिसत नसेल तर प्राणी प्रौढ धरू नका.

सिरस नाही: मग नखे आणि घसा

उरलेले प्राणी युटार्डिग्रेडा वर्गातले, आणि ध्रुवीय नमुन्यांत गर्दी त्यांचीच. इथे पाठ सहसा फारसे सांगत नाही. सांगतात ती नखे, मुखनलिका आणि अंडी.

सर्वांत सोपा गट मिल्नेशियम. मुखनलिका रुंद, तोंडाभोवती पाकळ्यांसारख्या पट्ट्या, घशाच्या स्नायूगोळ्यात एकही कठीण दाणा नाही आणि नखाच्या दोन्ही शाखा एकमेकींपासून सुट्या. हा शिकारी, त्याच्या पोटात रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांचे जबडे दिसले तर आश्चर्य नाही. जात ठरवताना दुय्यम शाखेवरची टोके मोजतात, पण काही जातींत पिल्लाच्या आणि प्रौढाच्या टोकांची संख्या वेगळी असते, तेव्हा एका प्राण्यावर विसंबू नका.

बाकीच्यांत प्रत्येक पायाला नखांच्या दोन जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला एक मुख्य (1) आणि एक दुय्यम (2) शाखा. कुशीवर पडलेल्या प्राण्याचा दुसरा किंवा तिसरा पाय निवडा. शाखांचा क्रम 2-1-1-2, म्हणजे दोन्ही नखे एकमेकांची आरशातली प्रतिमा आणि आकाराने सारखी असतील, तर मॅक्रोबायोटस कुळाकडे वळा. क्रम 2-1-2-1 आणि बाहेरचे नख आतल्यापेक्षा स्पष्ट मोठे असेल तर हिप्सिबियसकडे. बाहेरच्या नखाची मुख्य शाखा फारच लांब, बारीक आणि बुडाशी लवचीक जोडलेली असेल, आणि जिवंतपणी अंगावर तपकिरी-तांबूस पट्टे पाहिले असतील, तर रामाझोटियस. शाखा बुडाशी काटकोनात असतील तर आयसोहिप्सिबियसचा गट.

मॅक्रोबायोटस कुळात पुढची पायरी घशात आहे. स्नायूगोळ्यातल्या कठीण दाण्यांपैकी मोठे म्हणजे मॅक्रोप्लॅकॉइड, शेवटचा छोटा म्हणजे मायक्रोप्लॅकॉइड. दोन मोठे आणि एक छोटा असेल तर मॅक्रोबायोटस. तीन मोठे आणि छोटा अगदी तिसऱ्याला खेटून असेल तर मेसोबायोटस. तीन लांबट कांडीसारखे, आणि छोटा असलाच तर लांब अंतरावर, हे पॅरामॅक्रोबायोटस. ध्रुवीय तळ्यांच्या गाळात मोठी नखे, दोन मॅक्रोप्लॅकॉइड आणि मायक्रोप्लॅकॉइड नाहीच असा प्राणी मिळाला तर डॅक्टिलोबायोटस पाहा. त्याची दोन नखे बुडाशी क्युटिकलच्या पट्टीने जोडलेली असतात.

हिप्सिबियससारख्यांत मुखनलिका शेवटपर्यंत कडक आहे, की कडक भागानंतर स्प्रिंगसारख्या वळ्यांची लवचीक नळी लागते, ते पाहा. लवचीक नळी असेल आणि जोडाच्या जागी थेंबासारखा जाड भाग असेल तर डिफॅस्कॉन किंवा पायलाटोबियस. जाड भाग नसेल तर ॲड्रॉपियन किंवा मेसोक्रिस्टा. नळी पूर्ण कडक असेल आणि नमुना अंटार्क्टिकाचा असेल तर हिप्सिबियस लिहिण्याआधी ॲक्युटंकसचा विचार करा. ॲक्यु. अंटार्क्टिकस तिथल्या सर्वांत सामान्य जातींपैकी आहे, 1904 मध्ये तिचे वर्णन झाले आणि पुढे बराच काळ ती हिप्सिबियसमध्ये गणली गेली. फरक आहे तो मुखनलिकेच्या वरच्या टोकाला स्टायलेटचे (तोंडातल्या टोचण्याच्या सुयांचे) स्नायू चिकटतात त्या उंचवट्यांच्या आकारात, आणि तो कुशीवरच्या प्राण्यात दिसतो. पाठीवर पडलेल्या प्राण्यात कितीही डोळे ताणले तरी उपयोग नाही.

काही प्राण्यांत घसा आणि स्टायलेट दिसतच नाहीत. ती नवी प्रजाती नव्हे. कात टाकण्याच्या काळात टार्डिग्रेड संपूर्ण मुखयंत्रणा बाहेर टाकतो. असा प्राणी वर्गीकरणाला निरुपयोगी, तो बाजूला ठेवा.

मोजमाप

स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडने) प्रत्येक भिंगाचे कॅलिब्रेशन स्वतंत्र करा. शरीराची लांबी मागचे पाय सोडून मोजतात. ती सर्वांत कमी भरवशाची आहे, कारण कव्हरस्लिपच्या दाबाने प्राणी पसरतो. मुखनलिका कडक असल्यामुळे पसरत नाही, म्हणून युटार्डिग्रेडांत सगळी मापे तिच्या तुलनेत मांडतात. यालाच पीटी निर्देशांक म्हणतात: एखाद्या भागाची लांबी भागिले मुखनलिकेची लांबी, गुणिले 100. समजा नलिका 40.0 मायक्रोमीटर आहे आणि स्टायलेटचा आधारदांडा तिला वरून 31.0 मायक्रोमीटरवर जोडला आहे. पीटी झाला 77.5. या जोडबिंदूची जागा जातींमधला फरक दाखवणारे उत्तम लक्षण आहे. नलिकेची बाहेरची रुंदीही त्याच पातळीवर मोजावी, कुठेही नाही. एकिनिस्कस कुळात हीच भूमिका खांद्याच्या पाटीची लांबी बजावते.

नलिकेची दोन्ही टोके एकाच फोकसमध्ये स्पष्ट दिसत असतील तरच मोजा. ती तिरकी असेल तर लांबी कमी भरते आणि त्या प्राण्याचे सगळे पीटी एकदम फुगतात. तुमच्या तक्त्यात एकच प्राणी प्रत्येक रकान्यात वर चढलेला दिसला तर कारण बहुधा हेच. अशा वेळी आकडा सुधारू नका, ओळच काढा. शक्य असेल तर तीस प्राणी मोजा. ध्रुवीय नमुन्यात इतके क्वचित मिळतात, मग जितके मोजले तो आकडा लिहा. तीन प्राण्यांचा ‘पल्ला’ दुसऱ्या जातीच्या पल्ल्याबाहेर गेला म्हणून जात वेगळी ठरत नाही.

अंडी

मॅक्रोबायोटस, मेसोबायोटस, पॅरामॅक्रोबायोटस आणि रामाझोटियस नक्षीदार अंडी मोकळी घालतात. या गटांत प्रौढ प्राणी हुबेहूब सारखे आणि अंडी पूर्ण वेगळी असे वारंवार होते, अंड्याविना जात ठरवणे बहुतेक वेळा अशक्यच. अंड्याचा व्यास काट्यांसह आणि काट्यांविना मोजा. काट्याची उंची, बुडाची रुंदी, टोकाला तबकडी असल्यास तिची रुंदी, परिघावरच्या काट्यांची संख्या आणि काट्यांमधल्या पृष्ठभागाची नक्षी हेही लिहा. हिप्सिबियस, मिल्नेशियम आणि एकिनिस्कस कुळातले प्राणी मात्र कातेतच अंडी घालतात. हिप्सिबियस आणि मिल्नेशियमची अंडी सहसा गुळगुळीत असतात, त्यांच्याकडून फारशी मदत नाही.

एकाच मॉसमध्ये दोन-तीन जाती एकत्र राहतात, त्यामुळे शेजारी सापडलेले अंडे त्याच प्राण्याचे असे गृहीत धरू नका. अंड्यात पूर्ण वाढलेला भ्रूण असेल तर कव्हरस्लिप हलकेच दाबून त्याची नखे आणि घसा बघता येतो. तो पुरावा पक्का. अंड्याची नक्षीही अढळ नसते. किंग जॉर्ज बेटावरच्या डॅक्टिलोबायोटस ओव्हिम्युटान्सची अंडी प्रयोगशाळेत एकसारख्या परिस्थितीत वाढवूनही वेगवेगळी निघाली, आणि 2020 मध्ये ठेवलेले तिचे नावच त्यावरून आले आहे.

डीएनए

डीएनएचे चार तुकडे नेहमी वापरले जातात: 18एस, 28एस, आयटीएस-2 आणि सीओआय. 18एस फार सावकाश बदलतो, त्याने प्रजाती किंवा कूळ कळते, जवळच्या जाती नाहीत. जातींसाठी सीओआय आणि आयटीएस-2. डीएनए एका प्राण्यातून चेलेक्स या रेझिनच्या पद्धतीने काढा आणि उरलेली क्युटिकल फेकू नका. ती स्लाइडवर चढवली की ज्या प्राण्याचा डीएनए-क्रम मिळाला त्याचीच नखे आणि घसा पुरावा म्हणून हाती राहतात.

सार्वजनिक संग्रहातल्या सर्वांत जवळच्या क्रमाचे नाव उचलून आपल्या प्राण्याला देऊ नये. तिथली नावे ज्याने क्रम जमा केला त्याने दिलेली असतात, आणि टार्डिग्रेडांत ती बरीच जुनी किंवा चुकीची आहेत. मूळ वर्णन जिथून झाले तिथल्या नमुन्याचा क्रम असेल तर त्याच्याशी तुलना करा.

दूरचे नाव नेहमी चूकच असते असेही नाही. पॅरामॅक्रोबायोटस फेअरबँक्सीचे वर्णन 2010 मध्ये अलास्कातून झाले आणि तीच जात पुढे अंटार्क्टिकातही सापडली. पण तो निष्कर्ष प्राणी, अंडी आणि डीएनए तिन्ही जुळल्यावर निघाला.

नाव कसे लिहावे

लक्षणे जुळतात पण अंडी किंवा डीएनए नाही, तर प्रजाती आणि जातीच्या नावांमध्ये ‘सीएफ.’ घाला. जवळची आहे पण फरक दिसतो, तर ‘ॲफ.’. फक्त प्रजातीच पक्की असेल तर ‘जाती अनिश्चित’ लिहून सोडा आणि तुमच्याकडे किती प्राणी, किती अंडी, कोणत्या अवस्थेतली होती ते सोबत द्या. असा अर्धवट पण खरा उल्लेख पुढच्या माणसाला वापरता येतो; पूर्ण पण चुकीचे नाव यादीतून काढायला दशके लागतात.

स्लाइडच्या डाव्या लेबलवर नमुना क्रमांक, ठिकाण, तारीख आणि माध्यमाचे नाव. उजव्या लेबलवर ओळख, ओळखणाऱ्याचे नाव आणि ओळखल्याचे वर्ष. ओळख बदलली तर जुने लेबल फाडू नका, नवे शेजारी चिकटवा. एका स्लाइडवर अनेक प्राणी असतील तर कव्हरस्लिपचा छोटा नकाशा काढून त्यावर प्रत्येकाची जागा आणि मोजमापाच्या तक्त्यातला क्रमांक टाका.